केबल पुढं, मोबाईल मागं

आमच्या केज गावात टीव्हीला मुंग्या आल्या की दोष केबलवाल्याचा. वारं सुटलं तरी त्याचा, वीज गेली तरी त्याचा, आणि मॅच हरली तरी कुणीतरी फोन करून विचारणारच, "आप्पा, जरा चांगलं दाखवता येत न्हाई का?" उभं आयुष्य मी हे ऐकत आलो. माझे वडील किराणा दुकानदार. पोरानं गूळ-साखर सोडून काळी वायर का हातात धरली, हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. दुकानाच्या गल्ल्यावर बसून ते गिऱ्हाइकांना सांगायचे, "थोरला काय करतो म्हणता? खांबावर असतो."

आता वायरीचं फायबर झालंय. खांबावर चढायला तरणी माणसं आहेत. मी खुर्चीत बसून फोन उचलतो आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या शिव्या खातो, कारण त्यांना माझ्याच आवाजाला शिव्या द्यायची सवय आहे.

धंदा समजायला सोपा आहे. गच्चीवर मोठी छत्री, ती आकाशातून चॅनल धरते. खाली एक खोली, तिला आम्ही रुबाबात कंट्रोल रूम म्हणतो. म्हणजे यंत्रांची मांडणी, एक कूलर आणि महादेवाचा फोटो. तिथून वायर निघून गावभर पसरते. मध्ये खार वायर कुरतडते, कुणी पतंगासाठी ओढतो, कुणी तिच्यावर धुणं वाळत घालतो. यातून जे उरतं ते तुमच्या टीव्हीवर दिसतं.

गिऱ्हाईक एकाहून एक. आमच्याकडं एक निवृत्त गुरुजी होते. पिंजऱ्यातली मारामारी, म्हणजे ती मिक्स्ड मार्शल आर्ट्स, जेव्हा नवीन दिसायला लागली तेव्हा ते काठी टेकत आले. "आप्पा, हे रक्तबंबाळ चॅनल बंद करा. गल्लीतली पोरं बिघडायलीत." म्हटलं, गुरुजी, गावाचं बंद करता येत नाही, पण तुमच्या बॉक्सला कुलूप लावून देतो. नंबर टाकल्याशिवाय चॅनल उघडत नाही, अशी सोय असते. कुलूप लावलं. पुढच्या रविवारी सकाळी फोन. "आप्पा, ते कुलूप उघडायचं कसं?" म्हटलं, का हो गुरुजी? तेव्हा म्हणाले, "तसं न्हाई हो. नीट लागलंय का, एवढंच बघायचं हुतं." मी नंबर सांगितला. त्यानंतर गुरुजींनी कधी तक्रार केली नाही.

लोक मला अजून विचारतात, ही पिंजऱ्यातली कुस्ती बघायची कशी. तर ऐका. आधी बघायचं की सामना भरवतंय कोण, कारण अशा कंपन्या बऱ्याच आहेत आणि प्रत्येकीचं चॅनल वेगळं. त्यातही यंदा ज्या चॅनलवर आहे त्यावर पुढच्या साली असेलच असं नाही. दुसरं, सुरुवातीच्या लढती बहुतेक वेळा नुसत्या मोबाईलच्या अ‍ॅपवर असतात, टीव्हीवर मागच्या मोठ्या लढती तेवढ्या येतात. आपला माणूस कुठल्या गटात आहे ते माहीत नसेल तर तुम्ही टीव्हीपुढं बसून राहाल आणि तो तिकडं हात-पाय धुऊन घरी गेलेला असेल. तिसरं, अमेरिकेत शनिवारची रात्र म्हणजे आपल्याकडं रविवारची सकाळ. आणि वेळेवर तर अजिबात विसंबू नका. आधीच्या लढती झटपट निकाली निघाल्या तर आपली लवकर, त्या लांबल्या तर आपली उशिरा. लग्नाच्या मुहूर्तासारखंच आहे, पत्रिकेत एक आणि मांडवात भलतंच.

एक गोष्ट मात्र कुठंच लिहिलेली नसते. ती मला बाबूभाई टेलरनं शिकवली. बाबूभाईचं दुकान आणि शेजारचं हॉटेल, मध्ये एकच भिंत. हॉटेलात माझी केबल, आणि बाबूभाई शिवता शिवता मोबाईलवर क्रिकेट बघायचा. एकदा मशीन सोडून तणतणत माझ्याकडं आला. "आप्पा, ये क्या चल्रा? मेरा बॉलर अभी पँट को बॉल घिसरा, और उधर होटल में आउट हो गया बोल के नाच रे." मी समजावलं, केबल म्हणजे बीडहून सुटलेली थेट एसटी, आणि मोबाईल म्हणजे शिटं भरेपर्यंत स्टँडवर थांबणारी जीप. दोन्ही केजलाच येतात, पण जीप मागनं येते. मोबाईलवर चित्र तुकडे होऊन, दहा ठिकाणी थांबत, थोडं साठवून मग दाखवलं जातं, म्हणून अर्धाएक मिनिट मागं पडतं. बाबूभाईला पटलं. तरी जाताना म्हणाला, "तो फिर अपने केबल को जरा आहिस्ता करो ना." गावात एका माणसासाठी केबल हळू करा म्हणणारा मला तो एकटाच भेटला.

ह्या अर्ध्या मिनिटाला मी लई शिव्या दिल्यात. फायबर आल्यावर तर रोज तक्रार, "तुमचं नेट मागं हाय." आमचं नेट मागं नव्हतं, अ‍ॅप मागं होतं, पण केबलवाल्याचं कोण ऐकतंय.

आता रंगनाथ पैलवानाचं सांगतो. त्याच्यासाठीच तर मी लिहायला बसलोय.

आमच्या गल्लीच्या टोकाला तालीम आहे. रंगनाथ तिथला वस्ताद. कधीकाळी पाटोद्यापासून पार परभणीपर्यंत जत्रेत त्याचं नाव पुकारलं की समोरचा पैलवान आधी पाणी प्यायचा, असं म्हणतात. मी त्याला ऐन उमेदीत पाहिलेला. माणूस बोलायचा कमी, पण पोरांना डाव सांगताना हातांनी लई बोलायचा. त्याचं एकुलतं एक पोरगं बालाजी. तालमीच्या तांबड्या मातीतच रांगलेलं. रंगनाथनं त्याला कुस्ती शिकवली, जत्रा फिरवल्या, आणि तालमीचं पुढचं नाव हाच राखणार असं धरून चालला.

पोरगं शिकायला पुण्याला गेलं आणि पिंजऱ्यात शिरलं. घरी सांगितलं नाही. ते कळलं कसं, तर कुणीतरी सरावाची चित्रफीत मोबाईलवर आणून वस्तादाला दाखवली. त्यात बालाजी स्वतःहून पाठीवर झोपलाय, दुसरा त्याच्या छातीवर चढलाय, आणि ह्याला त्याचं काहीच वाटत नाही.

ज्यांना कुस्ती माहीत नाही त्यांना सांगतो. मातीच्या कुस्तीत दोन्ही खांदे टेकले की खेळ संपला. पाठीला माती लागली म्हणजे हरला. जत्रेत हरलेला गडी आधी पाठ झटकतो, मग घर गाठतो. रंगनाथच्या घरात लहान पोरांना उताणं झोपू देत नव्हते, असं सोजरवैनी सांगतात. सोजरवैनी म्हणजे रंगनाथची बायको, बालाजीची आई. तर ती चित्रफीत पाहून रंगनाथनं मोबाईल परत दिला आणि म्हणाला, "हा आपला न्हाई." त्या दिवसापासून बाप-लेकाचं बोलणं बंद. पोरगं फोन करायचं, आई बोलायची, बाप भिंतीकडं बघत बसायचा. दिवाळीला पोरगं आलं तर बाप शेतात मुक्कामाला.

मग एक दिवस सोजरवैनी माझ्या कंट्रोल रूमवर आल्या. कधी न येणारी बाई. म्हणाल्या, "आप्पा, बाळूची कुस्ती हाय अमेरिकेत. टीव्हीवर दावणार हायती म्हनं."

"हाय वैनी. टीव्हीवरच्या लढतीत हाय तो. लई मोठी गोष्ट हाय."

"मला कुस्तीतलं काय कळत न्हाई. मालकांनी ती बघावी, एवढंच माझं मागणं हाय. पुरती बघावी. मधनं उठू नये. मग बोलू द्या, न्हाई तर न बोलू द्या."

वर्षानुवर्षं लोक माझ्याकडं चॅनल मागायला आले. नवऱ्यानं लेकाकडं बघावं म्हणून कुणी आलं नव्हतं. मी म्हटलं, "वैनी, चित्र मी आणतो. उठायचं-बसायचं मात्र त्यांच्याकडं."

तालमीतल्या पोरांना हाताशी धरलं. त्यांनी वस्तादाला गळ घातली की आपल्या तालमीचा गडी आहे, इथंच टीव्ही लावू. रंगनाथ म्हणाला, "लावा की. मला काय करायचंय?" आणि थोड्या वेळानं, कुणी न विचारता, "पाठ टेकलेली दिसली की मी उठणार. आधीच सांगून ठिवतो."

राहिल्या सोजरवैनी. बायका तालमीत पाय ठेवत नाहीत, आत मारुती आहे. पण पैलवानाचं घर तालमीला लागूनच आहे, मधे एक बारकं दार. म्हटलं, घरात दुसरा टीव्ही लावून देतो. त्या नको म्हणाल्या. "मोबाईलवर दावा. बारक्या पडद्यावर मार बी बारका दिसतो." माझ्या फायबरची पेटी त्यांच्या घरात होतीच. मी माझाच मोबाईल डब्याला टेकवून त्यांच्यापुढं ठेवला आणि अ‍ॅप लावून दिलं.

रविवारी सकाळी तालीम भरून गेली. मारुतीला नारळ फोडला. टीव्ही मातीच्या हौदाच्या कडेला स्टुलावर ठेवलेला, पोरं मातीतच बसलेली. रंगनाथ सगळ्यांच्या मागं, खांद्यावर पंचा टाकून, भिंतीला टेकून. रिमोट माझ्या खिशात. ही केबलवाल्याची जुनी खोड आहे, महत्त्वाच्या वेळी रिमोट कुणाच्या हाती द्यायचा नाही.

बालाजीचं नाव पुकारलं तेव्हा पोरांनी शड्डू ठोकले. अमेरिकेत त्याला ते काय ऐकू जाणार, पण ठोकले. समोरचा गडी अंगानं आडवा, मान बैलासारखी. सुरुवातीला दोघं लांबून हात चालवत राहिले. बालाजीच्या भुवईवर एक बसला, रक्त आलं. मला वैनींची काळजी वाटली. मी बारक्या दारातून घरात गेलो.

वैनींच्या मोबाईलवर दोघं अजून गोलच फिरत होते. रक्त आलं नव्हतं. थोड्या वेळानं ते तिथंही आलं. वैनींनी पदराचा बोळा तोंडाला लावला, पण नजर हलवली नाही.

इतक्यात तालमीतून आवाज आला. सगळ्या पोरांनी एकदमच "आरारारा" केलं, आणि मग शांतता. आणि वैनींच्या पडद्यावर बालाजी उभा होता. ठणठणीत. हात वर धरून.

"काय झालं ओ तिकडं?" वैनींनी विचारलं.

काय सांगणार? तिकडं जे झालं होतं ते इकडं अजून यायचं होतं. मी म्हटलं, "काय न्हाई, लाईट गेली असंल." एवढ्यात बारकं दार उघडलं आणि रंगनाथ आत आला. तोंड काळवंडलेलं.

"बंद कर ते," तो बायकोला म्हणाला. "बघू नको. पाठ टेकली. समदं झालं."

आणि त्याच वेळी मोबाईलवर ते घडलं. समोरच्यानं बालाजीच्या दोन्ही मांड्या धरून त्याला उचलला आणि आपटला. पाठीवर. आख्खा उताणा. रंगनाथनं दुसऱ्यांदा पाहिलं. बापाला दोनदा बघायला लागलं ते. त्यानं मोबाईल घ्यायला हात पुढं केला. मला तेव्हा वाटलं रागानं बंद करतोय. नंतर लक्षात आलं, त्या माऊलीला पोराचा पराभव दिसू नये म्हणून तो एवढा लगबगीनं आलता.

सोजरवैनींनी मोबाईल उचलून मांडीवर घेतला. नवऱ्याला उलट उत्तर दिलेलं मी त्यांच्या तोंडून तोवर कधी ऐकलं नव्हतं. म्हणाल्या, "थांबा. माझं अजून व्हायचंय."

"काय व्हायचंय आता? पडला न्हवं का त्यो?"

आणि तेवढ्यात भिंतीपलीकडनं जो कल्ला उठला, तसा मी आमच्या गावात गणपतीच्या मिरवणुकीतही ऐकला नाही. डबे वाजले, शिट्ट्या वाजल्या, कुणीतरी मारुतीची घंटा बडवायला लागलं.

रंगनाथ गोंधळला. पडद्यावर पोरगं उताणं, छातीवर गडी बसलेला, आणि तालमीत जल्लोष. त्याचा चेहराच पडला. "कावून वरडायलेत बे हे?" तो मला म्हणाला. "माझं पोरगं पडलं म्हणून नाचायलेत का?"

उभ्या धंद्यात मला एवढी अचूक माहिती कधी कामी आली नव्हती. मी म्हटलं, "पैलवान, खाली बसा. तालमीतला टीव्ही पुढं हाय, हे मागं हाय. त्यांना जे दिसलं ते तुमच्याकडं यायलंय. वाटंवर हाय. बसा."

तो बसला. बायकोच्या शेजारी, जमिनीवर. इतक्या वर्षांत त्या दोघांना एकमेकांशेजारी बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं असेन. तिच्या मांडीवर मोबाईल, आणि दोघांची डोकी त्याच्यावर वाकलेली.

पिंजऱ्याच्या कुस्तीत पाठ टेकली म्हणून कुणी हरत नाही, हे तालमीत एकालाही माहीत नव्हतं. वस्तादालाही नाही. खाली पडलेला माणूस तिथं पायांनी लढतो. बालाजीनं खालूनच एक पाय वरच्या गड्याच्या मानेवर टाकला, दुसरा त्याच्यावर अडकवला, आणि मान नि एक हात दोन्ही मांड्यांत धरून आवळायला लागला.

रंगनाथ पुढं सरकला. "कैची," तो हळूच म्हणाला. मग मोठ्यानं, "आगं, कैची हाय ही. उताणं पडून घातलीय त्यानं. पाय खाली वढ बे, खाली वढ, सोडू नको." मोबाईलला सांगत होता. ज्या पोराशी बोलणं टाकलं होतं त्या पोराला.

वरच्या गड्याचं तोंड लाल झालं, मग निळसर. आणि त्यानं बालाजीच्या मांडीवर हातानं थापटलं. थापटलं म्हणजे हार कबूल. पंच मध्ये पडला. बालाजी उठून बसला आणि त्यानं दोन्ही हात मातीला लावतात तसे खाली टेकवून कपाळाला लावले. तिथं माती नव्हतीच, प्लॅस्टिकची चटई होती. पण हात तिथंच गेले.

वैनी रडायला लागल्या. मीही डोळे पुसले, लपवत नाही. रंगनाथनं पंच्यानं तोंड पुसलं. मग म्हणाला, "मी उठून आलतो, आप्पा. तिकडं असतो तर हुकलं असतं का?"

म्हटलं, "तिकडं तर दिसलंच असतं की पैलवान. तुमी उठलात म्हणून हुकलंतं. हे मागं होतं म्हणून घावलं."

दुपारी बालाजीचा फोन आला तेव्हा आई बोलली. बाप भिंतीकडंच बघत होता. मधेच बायकोला म्हणाला, "त्याला इचार, डावा पाय उजव्याच्या गुडघ्यामागं अडकवलाता का घोट्याला." तिनं विचारलं. पलीकडनं उत्तर यायला बराच वेळ लागला. ते काही माझ्या नेटमुळं नव्हतं.

पोरगं उन्हाळ्यात घरी आलं. बाप शेतात गेला नाही. सकाळी त्यानं लेकाला तालमीत बोलावलं, म्हणून मीही बघायला गेलो. रंगनाथ लंगोट लावून हौदात उभा होता, ह्या वयात. लेकाला म्हणाला, "दाव."

बालाजी आधी बापाच्या पाया पडला. मग, त्या तांबड्या मातीत, सगळ्या पोरांदेखत, उताणा झोपला. रंगनाथ त्याच्या अंगावर वाकला. लेकाचे पाय वर आले, मानेभोवती बसले, हळूहळू आवळले. म्हाताऱ्यानं दोन झटके देऊन बघितले. सुटेना. मग त्यानं हात उचलला आणि पोराच्या मांडीवर थापटलं.

ज्यानं जत्रेत कधी पाठ टेकू दिली नाही, त्यानं. पोरगं घाईघाईनं पाय सोडून उठलं, काय करावं त्याला कळेना. रंगनाथ म्हणाला, "पलीकडं फिर." बालाजी पाठ करून उभा राहिला. पाठीला सगळी माती. रंगनाथनं हौदाच्या कडेवरचा पंचा घेतला आणि लेकाची पाठ झटकायला लागला. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं, नीट, शांतपणे, आंघोळ घातलेल्या लेकराला पुसतात तसं.

सोजरवैनी बारक्या दाराच्या उंबऱ्याशी उभ्या होत्या, पाय घरातच ठेवून. मी त्यांच्याजवळच होतो. त्यांनी माझ्या बाहीला धरून ओढलं.

"आप्पा, हे मागं-पुढं काय न्हाई ना? हे आत्ताच व्हायलंय ना?"

"न्हाई वैनी," मी म्हटलं. "हे आत्ताच व्हायलंय."